पुपुसा काट्याने खाण्याविषयी थोडेसे

सान्ता रीता दे ला लोमा,
२४ नोव्हेंबर, दुपारचं जेवण आटोपल्यावर

प्रिय बहीण ओतिलिया हिला थोरल्या तोरिबियोचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील, तुझे गुडघे थंडीत कुरकुरत नसतील आणि तिकडे मेरीलँडात बर्फ पडायला अजून सुरुवात झाली नसेल, अशी आशा करतो. तुझ्या यजमानांना, म्हणजे वॉल्टर यांना, माझा नमस्कार सांग. (हे वाक्य तू दोनदा वाचशील. बरोबरच वाचलंस. पुढे चल.) इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. लिंबाला यंदा अंगाबाहेर फळ आलं आहे. पाद्रीबाबा आन्सेल्मो यांनी नवी कवळी बसवून घेतली, त्यामुळे त्यांचं प्रवचन आणखी लांबलं आहे. आपल्या कुत्र्याला एका कानाने ऐकू येईनासं झालं, पण तो पूर्वीही कुणाचं ऐकत नव्हता, तेव्हा घरात काही फरक पडलेला नाही.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे हे तू ओळखलंच असशील. त्याचं कारण असं की माझा चष्मा फुटला. शेजारच्या बोकडाने फोडला. (फिदेलिना लिहायची थांबून माझ्याकडे बघते आहे. तिचं म्हणणं, बोकडाचा पुन्हा एकदा विचार करावा. मी तिला सांगितलं, सांगतो तेवढं लिही. पोस्टात चौतीस वर्षं मी लोकांची पत्रं हाताळली, एकाही पत्रात स्वतःचं वाक्य घातलं नाही.) आता तू म्हणशील, दादा, फोन का नाही केलास? तर फोनवर माणूस मध्येच बोलतो. मला जे सांगायचं आहे ते कुणी मध्ये बोललं तर माझ्याच्याने पुरं होणार नाही. शिवाय आपल्या घरचा फोन हा तुझा आणि फिदेलिनाचा आहे. दर रविवारी तुम्ही दोघी बोलता आणि मी खोलीत पाऊल टाकलं की ती मोठ्याने म्हणते, "हो गं, कोबी स्वस्त झालाय." नऊ वर्षं कोबी स्वस्त होतो आहे, ओतिलिया. एव्हाना तो फुकट मिळायला हवा होता.

पत्राच्या शेवटी एक विनंती आहे. उडी मारून तिकडे जाऊ नकोस. मी तुला ओळखतो, तू लहानपणी पुपुसाचंही आधी मधलं चीज-घेवड्याचं सारण खायचीस आणि बाहेरची मक्याची भाकरी मागे ठेवायचीस.

नोकरी संपल्यापासून मी फिदेलिनाच्या दुकानात दाराजवळच्या टेबलाशी बसतो, हे तुला ठाऊक आहे. ती म्हणते, बसून असता. मी म्हणतो, देखरेख करतो. तव्यावरची बाजू तिची आणि खाण्याची रीत माझी, अशी वाटणी आहे. भिंतीवरची पाटी मी स्वतः रंगवली होती, तीही तू पाहिली आहेस: "येथे काटे नाहीत. हात धुऊन या." एकदा राजधानीतला एक वकील आला आणि त्याने गाडीतून स्वतःचा काटा आणला. रुमालात गुंडाळून आणला होता, जसं काही शस्त्रक्रियाच करायची आहे. मी त्याला तो परत ठेवून यायला लावला. तक्रार करत करत त्याने सात पुपुसा खाल्ल्या आणि जाताना माझ्याशी हात मिळवला, तर दोघांचेही हात चिकट. अशा माणसाशी मग वैर राहत नाही, हा माझा अनुभव आहे. समोरच्या पुपुसावाल्या तेन्चाने मात्र गेल्या पाच वर्षांपासून प्रत्येक टेबलावर पेल्यात काटे उभे करून ठेवले आहेत. फुलं ठेवतात तसे. मी त्या बाजूने जाताना टोपी डोळ्यांवर ओढून घेतो.

हे खूळ माझं नाही, आईचं. बसथांब्याजवळच्या बदामाखाली ती तवा मांडून बसायची तेव्हा आपल्याकडे ताटल्या होत्या कुठे? केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर पुपुसा, आणि पुपुसावर आईची नजर. गिऱ्हाइकालाही सुटका नव्हती. तोडायची ती आपल्या बाजूने, आधी वाफ जाऊ द्यायची. कोबीचं लोणचं तोडलेल्या तुकड्यानेच चिमटीत धरायचं, बोटं नुसती बुडवायची नाहीत. हातात घेतलेली पुपुसा कितीही पोळली तरी खाली टाकायची नाही. या हातातून त्या हातात नाचवा, फुंकर घाला, संतांची नावं घ्या, पण टाकायची नाही, कारण करणारीने ती त्याच तापल्या तव्यावरून उचललेली असते. आणि सगळ्यात कडक नियम शेवटचा. बरोबर बसलेल्यांपैकी शेवटच्या माणसाचं होईपर्यंत आपला हात पुसायचा नाही. हात पुसला म्हणजे आपण निघालो. तुला आठवतं का, बाबा सावकाश खायचे आणि आपण दोघं हात वर धरून बसायचो, बोटांवर घेवडा वाळून कडक व्हायचा, माश्या यायच्या, पण पुसायची हिंमत नव्हती? मला त्या वेळी बाबांचा राग यायचा. आता वाटतं, घरातले सगळे एवढा वेळ एका जागी त्यामुळेच बसायचो.

म्हणून नऊ वर्षांपूर्वी तू हात पुसलास ते मी विसरू शकलो नाही. माझं काय चुकलं ते आता लिहितो. मी ते कधी लिहिलेलं नाही आणि बोललेलोही नाही. वॉल्टर पहिल्यांदाच आपल्या घरी आले होते. एवढा उंच माणूस आपल्या बुटक्या स्टुलावर बसला, तर गुडघे कानाशी. त्यांनी पुपुसा उचलली, सुरळी केली आणि टोकाला चावा घेतला. दुसऱ्या टोकाने सगळं चीज आणि घेवडा उकळता हनुवटीवरून खाली आला. (कोणीही नवा माणूस ही चूक एकदा करतो. तेन्चाच्या जावयानेसुद्धा केली होती, आणि तो तर पलीकडच्या गल्लीतला.) त्यांनी हनुवटी पुसली आणि आपली भाषा जुळवत जुळवत, अगदी नम्रपणे, काटा मिळेल का, असं विचारलं. मी म्हणालो, "काटा? कशाला? गवत उलटायचंय?" सगळं दुकान हसलं. वॉल्टरही हसले. तिथे मी थांबायला हवं होतं. पण लोक हसले की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, "जो हाताने जेवत नाही तो आपल्या घरचा नाही." तू अर्धी पुपुसा पानावर ठेवलीस, हात पुसलास आणि म्हणालीस, "मग मीही नाही." ती अर्धी पुपुसा संध्याकाळपर्यंत तिथेच होती. फिदेलिनाने कुणाला उचलू दिली नाही, मलाही नाही.

आता यंदाची हकिकत. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी माझ्या उजव्या हाताची तीन बोटं जागी झालीच नाहीत. बाकीचा मी उठलो, ती तिघं झोपलेली. मला वाटलं, कुशीखाली दबली असतील. दुपारपर्यंत वाट पाहिली, चोळून पाहिली, दमदाटी करून पाहिली. चार दिवसांनी सॉसेज आणायला जातो असं सांगून कोहुतेपेकेला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी टाचणी टोचली. मी म्हणालो, टोचा की. ते म्हणाले, टोचली. मेंदूत बारीकसा झटका येऊन गेला म्हणाले, झोपेतच. गोळ्या दिल्या, रबराचा चेंडू दाबायला सांगितला. चेंडू मी बसमध्ये विसरलो आणि सॉसेज घेऊन घरी आलो. फिदेलिनाला काही सांगितलं नाही. (ती म्हणते, सॉसेजही वाईट होतं.)

तू विचारशील, का नाही सांगितलं? त्याचं कारण भिंतीवर टांगलं होतं, माझ्याच अक्षरात. ज्याने इतकी वर्षं लोकांना चिमूट कशी धरायची ते शिकवलं, त्याची चिमूटच मिटेना. तुकडा तोडायला गेलो की बोटं पुपुसावरून घसरायची. टोमॅटोचा पातळ सालसा मनगटावरून बाहीत शिरायचा आणि बाही ओली झाल्याचं मला कोपराला कळायचं. मग मी सूप प्यायला लागलो. सकाळी सूप, दुपारी सूप. पुपुसाच्या दुकानात नवरा आठ महिने सूप पितो म्हटल्यावर बायको काय समजेल? फिदेलिना आधी समजली पोट बिघडलं. तिने मला एरंडेल पाजलं. मग समजली मी बारीक होण्याच्या मागे आहे, आणि चौसष्टाव्या वर्षी पुरुष बारीक व्हायला लागला की कोणासाठी ते शोधायला हवं. तिने माझ्या खिशांत पत्रं शोधली, तिला सॉसेजची पावती सापडली आणि तिने सॉसेजवालीची चौकशी केली. सॉसेजवाली एक्याऐंशी वर्षांची निघाली तेव्हा कुठे मला पुन्हा एरंडेल सुरू झालं.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. पुपुसाचा दिवस साऱ्या देशात असतो, पण आपल्या गावात चर्चच्या पायऱ्यांवर पहिली पुपुसा कोण खातो? मी. पोस्टात होतो तेव्हापासून मी. लोक समोर उभे राहतात, फिदेलिना तव्यावरून थेट हातात देते, पाद्रीबाबा आशीर्वाद म्हणतात आणि मी रीतसर पहिला घास तोडून दाखवतो. मग गाव जेवतं. या वर्षी काय करायचं? मी खूप विचार करून शनिवारी हाताला फडकं गुंडाळलं आणि मधमाशी चावली असं जाहीर केलं. उत्तम युक्ती होती. तिच्यात एकच खोट होती, ती म्हणजे तेन्चा. रविवारी सकाळी चौकात ती अर्धा कांदा घेऊन माझ्यावर चालून आली.

"अहो तोरिबियोदादा, डंख काढला का? थांबा, कांदा चोळते."

"नको, उतरलंय."

"उतरलं असेल तर फडकं कशाला? द्या इकडे. लाजता काय नव्या नवरीसारखे!"

चौकातले सगळे हसले. तिने फडकं सोडलं, हात उलटसुलट करून पाहिला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई, याला तर डासही चावलेला नाही! पोस्टातल्या माणसाचा हात, कसा लोण्यासारखा राहिलाय बघा." मला आत्ता हे सांगताना एक गोष्ट जाणवते आहे. तिने कांदा चोळलाच होता, त्याच तीन बोटांना, आणि मला ते डोळ्यांनी बघून कळलं.

तर मी पायऱ्यांवर उभा राहिलो. फिदेलिनाने पुपुसा तव्यावरून सरळ माझ्या तळहाताच्या पुढच्या भागावर, त्या तीन बोटांवर ठेवली. घेवडा आणि चीजची, कडेने चीज उतू जाऊन खरपूस झालेलं. आणि पाद्रीबाबांनी आशीर्वाद सुरू केला. दरवर्षी दोन ओळी असतात. यंदा नवी कवळी. त्यांनी मक्यापासून सुरुवात केली, मग पाऊस, मग ज्यांनी खुर्च्या दिल्या ते, ज्यांनी मंडप दिला ते, ज्यांनी देऊ म्हटलं आणि दिला नाही तेसुद्धा. मी हात पुढे करून उभा. या हातातून त्या हातात नाचवली नाही, फुंकर नाही, काही नाही. थोड्या वेळाने लोकांच्या ध्यानात आलं. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी ओरडलं, "हात आहे की चिमटा!" कुणी म्हणालं, "जुनी हाडं आहेत बाबा, आता अशी माणसं होत नाहीत." तेन्चाने छातीवर क्रूस काढला. आणि तुझा भाऊ, ओतिलिया, हसत होता. मी मान ताठ करून, एखाद्या पुतळ्याने हसावं तसा हसत होतो. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला त्या बोटांचा अभिमान वाटला. टाळ्या वाजल्या तेव्हा मी हात आणखी थोडा उंच केला.

तेवढ्यात मी फिदेलिनाकडे पाहिलं. ती तव्यामागे उलथनं धरून उभी होती आणि हसत नव्हती. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा बोटांकडे. मग तिने तवा सोडला. तापलेला तवा सोडून ती कधी उठलेली तू पाहिली आहेस का? भूकंपाच्या वेळी उठली नव्हती. पाद्रीबाबांचं आमेन व्हायच्या आत ती पायऱ्या चढून आली, माझ्या हातातली पुपुसा काढून घेतली आणि स्वतः या हातातून त्या हातात नाचवत, "आई गं, आई गं" करत तिने पहिला घास तोडला आणि माझ्या तोंडात घातला. गावाला वाटलं हा यंदाचा नवा प्रकार आहे. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. काही नवऱ्यांनी तिथल्या तिथे बायकांसमोर तोंड उघडलं, त्यांना काय मिळालं ते मी लिहीत नाही.

घरी येईपर्यंत तीन फोड आले होते, हरभऱ्याएवढे. फिदेलिनाने कोरफड कापली आणि लावत बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, चाळीस वर्षं तव्याशी उभी आहे मी. पोळलेला माणूस कसा दिसतो ते मला शिकवू नका."

मग मी सांगितलं. फेब्रुवारी, डॉक्टर, चेंडू, सगळं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला एरंडेल पाजत राहिले," आणि रडायला लागली. मला तिची समजूत घालावी लागली की एरंडेल तसं वाईट नव्हतं. (फिदेलिना म्हणते, हे गाळा. गाळणार नाही. तिनेच मघाशी बोकडाचा पुन्हा विचार करायला सांगितलं होतं. तर ओतिलिया, चष्मा फुटलेला नाही. नाकावर आहे. आणि शेजाऱ्यांकडे बोकडही नाही.)

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ती माझ्यासमोर बसली. माझ्या पानात पुपुसा होती आणि पानाशेजारी काटा. मी विचारलं, हा कुठून आला? तिने दाराजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ते टेबल एका बाजूला कललं होतं. तुला माहीत नसेल, पण तू गेलीस त्या नाताळात वॉल्टर यांच्याकडून एक चपटी पेटी आली होती. आत मखमलीत सहा काटे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मी तेव्हा वाचली नाही, पेटी तशीच बंद करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. नऊ वर्षं मी त्याच टेबलाशी बसून लोकांना काट्याविरुद्ध उपदेश करत होतो, कोपर टेकून. परवा चिठ्ठी वाचली. अक्षरं मोठी मोठी, शाळेतल्या मुलासारखी, चुका भरपूर. लिहिलं आहे: "मी घरी रोज हाताने सराव करतो. पुढच्या वेळी जमेल. नाही जमलं, तर यातला एक माझा. बाकीचे ज्याला लागतील त्याला."

ज्याला लागतील त्याला. पोस्टात असताना एखादं पत्र उशिरा पोचलं तर मी म्हणायचो, पत्र उशिरा येत नसतं, माणूस तयार झाला की येतं. लोकांना गप्प करायला बरं वाक्य होतं. माझ्यावरच उलटलं.

आता काट्याविषयी थोडं लिहितो, कारण मी या विषयात नवखा असलो तरी रोज अभ्यास चालू आहे. काटा हे अत्यंत उद्धट हत्यार आहे. पुपुसावर टेकवला की ती पळते. पहिल्या दिवशी ती पानावरून सरकून कुत्र्यापुढे पडली, आणि ज्या कानाने त्याला ऐकू येत नाही त्याही कानाने त्याने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी जोर लावला तर चीज बाहेर आलं आणि पीठ काट्याला लटकून राहिलं. लोणचं काट्यावर बसत नाही, बसलं तर तोंडाशी येईपर्यंत उतरतं. आणि गरम आहे की निवलं हे काटा सांगत नाही. पण खरं सांगायचं तर माझी बोटंही आता सांगत नाहीत. मग दोघांत फरक काय उरला? एकाला मी नऊ वर्षं टेबलाखाली ठेवलं आणि दुसऱ्याला आठ महिने खिशात.

बसल्या बसल्या मी विचार करतो, वॉल्टर यांनी त्या दिवशी काटा का मागितला असेल? हनुवटी पोळली म्हणून? लाज वाटली म्हणून? की त्यांच्याही हाताला काही होतं? मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. चौतीस वर्षं खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी "काय हवंय?" असं विचारत आलो, आणि घरी आलेल्या माणसाला विचारायचं राहून गेलं. आईच्या नियमांत काट्याचं नावसुद्धा नव्हतं, ओतिलिया. तिने फक्त एवढंच सांगितलं होतं की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत उठायचं नाही. तो नियम त्या दिवशी तू मोडलास असं मी इतके दिवस म्हणत होतो. खरं तर मी माणूसच पानावरून उठवला, तू फक्त हात पुसलास. माझं चुकलं. हे वाक्य फिदेलिनाने दोनदा विचारून लिहिलं आहे, म्हणून पुन्हा लिहायला सांगतो: माझं चुकलं.

जेवण अजून संपलेलं नाही असं समज. माझा हात मी पुसलेला नाही.

तुझा,
तोरिबियो

ता. क. विनंती राहिलीच. नाताळात या. वॉल्टर यांना आणच, त्यांच्याशिवाय आलीस तर दारातून परत पाठवीन. (पाठवणार नाही. पण आण.) मला त्यांच्याकडून काटा धरायला शिकायचं आहे. मुठीत धरायचा की बोटांवर टेकवायचा? पुपुसा पळू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबलेलं चालतं का? इथे विचारण्यासारखं कोणी नाही. तेन्चाला विचारण्यापेक्षा मी आयुष्यभर सूप पिईन.

दुसरा ता. क. पाटी काढलेली नाही. नियम तो नियम. मात्र खाली एक ओळ वाढवायची ठरवलं आहे: "वॉल्टर आणि तोरिबियो सोडून."

तिसरा ता. क., हा माझा, म्हणजे फिदेलिनाचा. ते आत झोपलेत. ओतिलियाताई, वरची सही बघितलीस का? कोंबडी पाय देऊन गेल्यासारखी दिसते ती. ती मी केलेली नाही. पेन मुठीत धरून, काटा धरतात तसं, त्यांनी स्वतः केली, उजव्या हाताने. पाऊण तास लागला आणि तीन कागद वाया गेले. पाटीवर ओळ वगैरे काही वाढवलेली नाही, पाटी त्यांनी मंगळवारीच काढली आणि आता ती टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. काटे पाच आम्ही वापरतो. सहावा त्यांनी धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलाय आणि कागदावर नाव घालायला मला लावलं. कुणाला हात लावू देत नाहीत, मलाही नाही. म्हणतात, तो पाहुण्यांचा आहे.

आणि कोबी खरंच स्वस्त झालाय. नाताळासाठी मी बरणीभर लोणचं घालून ठेवते.